जानेवारीतला रातकिडा

२ जानेवारी

ही वही झ्द्राव्काने दिली. नव्या वर्षाची भेट. म्हणाली, "मी बोललेलं तू ऐकत नाहीसच. निदान तुझं तुला तरी ऐकू येऊ दे." लग्न इतकं जुनं झाल्यावर बायका असंच बोलतात. मी वाद घातला नाही.

आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं साठवत आलो. आधी रेडिओवर ध्वनिमुद्रक होतो. निवृत्त झाल्यावर रादोस्वेताने मला 'उखो'त ओढलं. उखो म्हणजे कान. बोलकी पुस्तकं आणि गाण्यांचे अल्बम काढणारी आमची प्लोव्दिव शहरातली एवढीशी संस्था. ती संपादक, मी आवाज, आणि वाचायला येतात ते रंगमंच सुटलेले नट. दरवर्षी सहा पुस्तकं आणि चार अल्बम सभासदांच्या घरी जातात. त्या निवडीला नाव आहे 'चौकस कानांसाठी'. निम्मे सभासद अंध आहेत, उरलेले नुसतेच चौकस.

५ जानेवारी

यंदाची निवड ठरली. मधमाश्या पाळण्याचं जुनं पुस्तक, मिठाचा इतिहास, एका जहाजावरच्या स्वयंपाक्याच्या आठवणी, भुताच्या गोष्टी, मुलांसाठी ताऱ्यांची ओळख आणि एक रडकी प्रेमकथा. ती मी नको म्हणत होतो. रादोस्वेता म्हणाली, "काका, सगळ्यांनाच मीठ आवडतं असं नाही." अल्बमांत डॅन्यूबकाठचा लग्नाचा बँड आहे, एका चर्चमधलं समूहगान आहे, ज्यू आज्यांची अंगाईगीतं आहेत.

चौथा अल्बम सेव्दामावशीचा. बाकी नऊ गोष्टी दुसरं कोणीही काढू शकतं, ही फक्त आम्हीच. सेव्दामावशी रोदोपीच्या डोंगरात येलोवित्सा गावी राहते. अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. 'दिल्बेरची वाट' ही जुनी गाण्यांची कथा अख्खी येणारी ती शेवटची बाई. मेंढ्या घेऊन हिवाळ्यात खाली समुद्राकडे गेलेला नवरा परत येत नाही, म्हणून दिल्बेर त्याला शोधत चालत जाते. वाटेत नऊ मुक्काम, प्रत्येक मुक्कामाची थोडी गोष्ट आणि एक गाणं. पहिले तीनचार मुक्काम पुष्कळ बायकांना येतात. नववा फक्त हिला येतो. कुणी लिहून घेतलेला नाही, कुणी मुद्रित केलेला नाही.

"ती गेली की वाट गेली," रादोस्वेता म्हणाली. "जानेवारीतच जाऊ या."

११ जानेवारी

स्टुडिओत रातकिडा शिरला आहे. डिसेंबरातच मला शंका आली होती, आता खात्रीच झाली. बारीक, एकसुरी, न थांबणारा आवाज. भिंतीतल्या गरम पाण्याच्या नळाशी बसला असावा. रादोस्वेताला बोलावलं. ती दार लावून डोळे मिटून उभी राहिली.

"काका, मला नाही येत ऐकू."

"लक्ष देऊन ऐक. डावीकडून येतोय."

"डावीकडून तर नाहीच नाही."

तिचे कान चांगले आहेत, पण तयार नाहीत. उंदरांसाठी मिळतात तसले चिकट पुठ्ठे आणून चारी कोपऱ्यांत ठेवले.

दुपारी अस्पारूखचा फोन आला. शाळेत भूगोल शिकवायचा. डोळे गेल्यावर आमचा पहिला सभासद झाला. कुठलंही पुस्तक बाहेर जाण्याआधी तो ऐकतो आणि शिव्या घालतो.

"ल्यूबेन, मधमाश्या ऐकल्या."

"मग?"

"मधमाश्या गोड आहेत रे. पण तो वाचणारा जेव्हा जेव्हा स म्हणतो तेव्हा माझ्या कानात कोणी सुई घालतंय. नवीन कवळी बसवलीय का त्याने?"

"तुझे हेडफोन जुने झालेत."

"हेडफोन तूच दिलेस, लेका!"

त्याला काय सांगणार. मूळ वाचन गोधडीखालून आल्यासारखं दबलेलं होतं. यंत्रावर वरचे, बारीक स्वर चांगले उचलले तेव्हा कुठे शब्द मोकळे झाले. हल्ली प्रत्येक पुस्तकात ही मेहनत करावी लागते. नवे माइक दिसायला देखणे, पण आवाजाला बोदे.

१६ जानेवारी

किटलीची शिट्टी बिघडली. पाणी आटून तळ काळा झाला तरी वाजली नाही. मी शेजारच्याच खोलीत होतो. झ्द्राव्का बाजारातून आली ती पिशव्या टाकून थेट स्वयंपाकघरात धावली. आज नवी किटली आणली, तर तिचीही शिट्टी वाजत नाही. वाफ मात्र जोरात येते. म्हटलं, परत कर दुकानदाराला. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "असू दे. मी लक्ष ठेवीन."

थंडी फार आहे. अंगणातल्या तुतीवर चिमण्या बसतात, पण मुक्या.

२४ जानेवारी, येलोवित्सा

घाटात बर्फ होतं. रादोस्वेताने गाडी छान चालवली. वाटेत दोनदा मी तिला इंजिनाचा पट्टा किरकिरतोय असं सांगितलं. तिने उतरून पाहिलं, काही सापडलं नाही.

सेव्दामावशी दारातच उभी होती. पाठीत वाकलेली, पण डोळे लख्ख. मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"हे रेडिओवरचे होय? मग एवढे म्हातारे कसे? रेडिओत तर तरुण माणसं असायची."

"त्या वेळी होतो तरुण, मावशी."

"त्या वेळी आला असतास तर मीही होते."

तिची सून स्ताना हसली. तीच घर चालवते. तिचा नवरा, म्हणजे सेव्दामावशीचा मुलगा, खाणीतल्या अपघातात गेला. स्तानाने चुलीवरचा पातात्निक पुढे ठेवला. बटाट्याचा असा खमंग पदार्थ प्लोव्दिवमध्ये मिळत नाही. खाता खाता मावशीने तिची अट सांगितली.

"आठ मुक्काम पाहिजे तेवढ्या वेळा म्हणीन. चुकलं तर परत म्हणीन, तू सांगशील तिथून म्हणीन. नववा एकदाच."

"का बरं?"

"ऑक्टोबरात दिमित्रोव्देनला कळप खाली उतरतात, मे महिन्यात गेर्ग्योव्देनला वर चढतात. त्या दोन सणांच्या मधे नववा मुक्काम एकदाच म्हणायचा. मी म्हटला की दिल्बेर समुद्रापर्यंत जाते आणि तिच्या हातात नवऱ्याचा नुसता कोट येतो. परत म्हटला तर तिला परत चालत जावं लागेल. परत तोच कोट. एका हिवाळ्यात एका बाईला एवढं पुरे झालं नाही का?"

रादोस्वेता म्हणाली, "पुरे झालं, मावशी." मीही मान हलवली. एकदाच तर एकदाच. मी लग्नं, मयती, पुढाऱ्यांची भाषणं सगळं एकाच फटक्यात धरलेलं आहे.

२६ जानेवारी

दोन दिवसांत सात मुक्काम झाले. घड्याळ शेजारणीकडे पाठवलं. फ्रीज बंद केला, कोंबड्या दूरच्या गोठ्यात नेल्या, खिडक्यांना घोंगड्या लावल्या. मावशीचा आवाज असा की काय सांगू. खालचा भाग जुन्या लाकडासारखा, वर मात्र काहीतरी कमी पडतंय असं वाटतं. ते मी नंतर उचलीन.

पण इथेही रातकिडा आहे! हे घरातले रातकिडे उबेला राहतात, चुलीच्या मागे, विटांच्या फटीत. सातही मुक्कामांच्या मागे तो बारीक चिरचिरतो आहे. स्तानाला विचारलं.

"आमच्याकडे रातकिडा? या दिवसांत?" तिने सासूकडे पाहिलं. "आई, तुम्हाला येतोय का ऐकू?"

"मला चार वर्षांपासून कोंबडा सुद्धा ऐकू येत नाही. मला काय विचारतेस?"

रादोस्वेताने हेडफोन लावून ऐकलं. "काका, स्वच्छ आहे. खरंच स्वच्छ आहे." ती थकली आहे. ध्वनिमुद्रण ऐकायला ताजे कान लागतात. मी ठरवलं, सात मुक्काम चालवून घेऊ, स्टुडिओत काहीतरी करता येईल. नवव्याला मात्र डाग लागू द्यायचा नाही.

२७ जानेवारी

सकाळी चूल विझवायला लावली. रातकिडा थंडीत गप्प होतो, हे कोणालाही माहीत आहे. राख बाहेर काढली, खिडक्या उघडून खोली गार होऊ दिली. स्ताना भांडली. "अहो, ती अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. चूल पेटती असते म्हणून या गावात माणसं जिवंत आहेत." मी म्हणालो, दोन तासांचा प्रश्न आहे. मावशीनेच तिला गप्प केलं. "गाण्यासाठी आलाय तो इतक्या लांबून. दे माझा कोट." कोट, दोन शाली, डोक्याला रुमाल. बोलताना तोंडातून वाफ निघत होती.

आठवा मुक्काम एका दमात झाला. शेवटी तिने काहीतरी बडबड केली, ती नंतर कापायची आहे. मधे थांबून पाणीही प्यायली नाही. लगेच नववा.

मी इतकी वर्षं हे काम केलं. असं काही ऐकलं नव्हतं. दिल्बेर समुद्राशी पोचते, तिथले लोक तिला कोट देतात. ती रडत नाही. ती कोटाला विचारते की तू एकटाच कसा आलास. तेवढा एकच प्रश्न, वेगवेगळ्या तऱ्हांनी, आवाज हळूहळू बारीक होत जातो आणि शेवटी कुठे संपला ते कळत नाही. रादोस्वेता तोंडावर हात धरून बसली होती. स्ताना भिंतीकडे वळली होती.

आणि तिथेच, आवाज बारीक होत गेला तिथे, रातकिडा स्पष्ट झाला. शेवटच्या ओळीवर तर तोच उरला. चूल विझलेली, खोलीत बर्फासारखी थंडी, आणि तरी.

मी टेक पुसला.

हे माझ्या हाताला लागलेलं वळण आहे. रेडिओवर टेप मोजून मिळायची. बिघडलेला टेक ठेवला तर पुढच्याला जागा उरत नसे. बिघडलं की पुसायचं आणि लगेच पुन्हा, गाणाऱ्याचा गळा गरम आहे तोवर. रादोस्वेता ओरडली, "काका, काय केलंत!" तोवर झालं होतं.

"मावशी," मी म्हणालो, "पुन्हा एकदा घ्यावं लागेल. मागे किडा होता."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही.

"मी सांगितलं होतं ना, बाळा."

"शेवटचा भाग तरी. नुसती शेवटची ओळ."

"म्हणजे तिला अर्ध्या वाटेवर सोडू? तू दिमित्रोव्देननंतर ये. असेन तर म्हणीन."

खूप सांगून पाहिलं. नाहीच. परत येताना घाटभर गाडीचा पट्टा किरकिरत होता.

१४ फेब्रुवारी

आज त्रिफोनचा सण. द्राक्षवेली छाटायच्या आणि वाइन प्यायची. मी दुसरंच काहीतरी गिळलं. मधमाश्या, मीठ आणि जहाजाचा स्वयंपाकी ही तिन्ही पुस्तकं रादोस्वेताने सोफियातल्या एका मुलीकडे पुन्हा ध्वनिमिश्रणाला पाठवली आहेत. मला न सांगता. पाकिटावर पत्ता दिसला म्हणून कळलं.

"अंधांच्या क्लबाने डिस्क परत पाठवल्या, काका. ऐकताना टोचतं म्हणतात."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तीन वेळा सांगितलं. तुम्ही 'हो हो' म्हणालात."

असं काही झालेलं नाही. ती दुसरीकडे तोंड करून पुटपुटते, हे तिला मी कितीदा सांगितलं आहे. दार आपटून घरी आलो. झ्द्राव्का अंगणात उभी होती. म्हणाली, "बेल वाजवून वाजवून रादोस्वेता सकाळी परत गेली. मी बाहेर होते." बेलची बॅटरी गेली असेल. उद्या बदलतो.

२२ फेब्रुवारी

एकटाच बसने येलोवित्साला गेलो. शेवटची विनवणी करून पाहावी म्हणून. मावशी अंथरुणात होती. त्या दिवसापासून खोकला आहे, असं स्ताना म्हणाली. दारात माझी पिशवी सुद्धा घेतली नाही. गावात सगळ्यांनाच खोकला आहे, हिवाळा वाईट आहे.

चूल मात्र भडकलेली. मी पलंगाशी स्टूल ओढलं.

"आलास? किडा सापडला का?"

"नाही, मावशी. आत्ताही चिरचिरतोय."

"आत्ता?"

"तुमच्या चुलीच्या मागे."

ती खोकली, मग बराच वेळ माझ्या कानाकडे बघत राहिली. तोंडाकडे नाही, कानाकडे. "स्ताना म्हणते, तू नसतोस तेव्हा नसतो. तो तुझ्याबरोबर येतो, बाळा. तुझ्याबरोबरच जातो."

डोंगरातल्या म्हाताऱ्यांच्या अशा समजुती असतात. तरी मी मोकळ्या मनाने विचार केला. माइकच्या पेट्यांना आत कापूस आहे, त्यात एखादा किडा राहूही शकतो. घरी आल्यावर सगळ्या पेट्या उकरून काढल्या. काही नाही.

निघताना तिने माझा हात धरला. "नववा माझ्यापाशी आहे. कुठे जात नाही. तू ये."

१ मार्च

झ्द्राव्काने मनगटाला लाल-पांढरा धागा बांधला. दरवर्षी बांधते. मग म्हणाली, "यंदा माझी एक गोष्ट ऐकशील? कानाच्या डॉक्टरकडे जाऊ."

"कशाला?"

"मळ असेल. बघून घेऊ."

"कान हे माझं हत्यार आहे. सुताराला कधी रंधा दाखवायला दुसऱ्याकडे नेतात का?"

"धार गेली तर नेतात," ती म्हणाली आणि चहा ठेवायला गेली. एप्रिलनंतर पाहू म्हणालो. आधी अल्बम.

२१ मार्च

सेव्दामावशी परवा गेली. फुप्फुसात पाणी झालं होतं. स्तानाने फोन केला तो रादोस्वेताला, मला नाही. दफन झालंही.

रादोस्वेता गेली होती. तिथून तिने तो छापील कागद आणला, ज्यावर मेलेल्या माणसाचा फोटो असतो, गावात दारोदार, बसथांब्यावर चिकटवतात तो. फोटोत मावशी तरुण आहे, केसांत फूल. खाली लिहिलं आहे, 'जिने आमची वाट गायली'. रादोस्वेताने तो स्टुडिओच्या दारावर चिकटवला. मग खुर्चीत बसून राहिली.

मी म्हणालो, आठ मुक्काम आहेत आपल्याकडे. जगात कुणाकडे नाहीत. ती म्हणाली, "हो, काका."

आता वाटतं, किडा होता तरी टेक ठेवायला हवा होता. डागाळलेला नववा, नसलेल्या नवव्यापेक्षा बरा. पण त्या वेळी हे कुणाला ठाऊक. मी माझं काम नीट केलं. आवाज खराब होता.

२७ एप्रिल

मावशीच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीला येलोवित्साला गेलो. या वेळी झ्द्राव्काही बरोबर आली, तिनेच हट्ट धरला. बर्फ वितळलं आहे, उतारावर प्लमची झाडं पांढरी झाली आहेत. अख्खं गाव थडग्यापाशी जमलं होतं. उकडलेले गहू आणि साखर, पाव, वाइन. थोडी वाइन मातीवर. स्तानाने मला मान दिला, पण डोळ्यांत बघितलं नाही.

मग एक म्हातारा म्हणाला, "मास्तर, तुम्ही तिचा आवाज आणलाय ना? लावा."

मी लहान स्पीकर आणला होता, तो क्रुसापाशी ठेवला. आठही मुक्काम लावले. उन्हात बायका बसल्या होत्या, कुणी उठलं नाही. आठवा संपला तसा मी स्पीकर बंद केला. सगळे थांबले. कुणी गव्हाचा द्रोण सुद्धा हलवत नव्हतं.

"आणि नववा?" म्हाताऱ्याने विचारलं.

"नववा नाही."

"नाही म्हणजे? आमच्या समोर तिने सांगितलंय की म्हटला."

"म्हटला. पण मागे रातकिडा होता. पुसावा लागला."

तेव्हा स्ताना पुढे आली. आवाज चढवला नाही तिने, उलट शब्द तोडून तोडून, मला नीट दिसेल असं तोंड माझ्याकडे करून बोलली. "जानेवारीत. चूल विझवून. तीन हात बर्फात. रातकिडा."

"होता," मी म्हणालो. "मला ऐकू येत होता. आत्ता इथेही आहे. या गवतात."

मी गवताकडे बोट दाखवलं. काहीजणांनी खरंच गवताकडे पाहिलं, मग एकमेकांकडे. गवत नुकतं उगवत होतं, बोटभर. झ्द्राव्काने माझ्या कोटाची बाही धरली आणि मला लहान पोराला नेतात तसं बसपर्यंत नेलं. वाटभर ती रडत होती. मला वाटलं मावशीसाठी.

५ मे

कानाची डॉक्टर तरुण बाई आहे. तिने मला एका बंद खोलीत बसवलं. खोली बाहेरून ओबडधोबड दिसते, पण काम चांगलं आहे. जाड दार, भिंतींना मऊ आवरण, अशी खोली आम्हाला रेडिओवर कधी मिळाली नाही. हेडफोन लावले, हातात बटण दिलं. शिट्टी ऐकू आली की दाबा, म्हणाली.

सुरुवातीला दाबलं. नंतर बराच वेळ काहीच आलं नाही. काचेपलीकडे तिचं बोट हलताना दिसत होतं. मला वाटलं, यंत्र बंद पडलं. मग मी हेडफोन काढून काचेवर टकटक केलं. तिने दार उघडलं.

"तुमच्या खोलीत रातकिडा शिरलाय," मी सांगितलं. "अशाने मोजमाप बरोबर येणार नाही."

तिने झ्द्राव्काकडे पाहिलं. झ्द्राव्काने खाली.

"कधीपासून ऐकू येतो हा?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. अगदी साधेपणाने, पत्ता विचारावा तसं.

"डिसेंबरपासून."

"आणि कुठे कुठे?"

मी सांगू लागलो. स्टुडिओत, डावीकडच्या भिंतीत. घाटात, गाडीच्या पट्ट्यात. येलोवित्साला चुलीच्या मागे. मग चूल विझवली तेव्हाही. बसमध्ये. मावशीच्या पलंगापाशी. घरी, माइकच्या पेट्यांत. थडग्यापाशी, गवतात.

तिथे थांबलो.

कुणी मला घाई केली नाही.

६ मे

आज गेर्ग्योव्देन. कळप वर चढतात. खिडक्या उघड्या आहेत, सगळ्या गल्लीत भाजलेल्या कोकराचा वास आहे. आमच्याकडे झ्द्राव्काने काही केलं नाही, मी नको म्हणालो.

सकाळी अंगणात बसलो. पाकोळ्या आल्या आहेत. दरवर्षी याच दिवसांत येतात, छपरांवरून किंचाळत झेपावतात, त्यांच्या आवाजाने झोप मोडते म्हणून मी दरवर्षी कुरकुर करतो. आज त्या तशाच फिरत होत्या, चोची उघड्या. मी झ्द्राव्काला विचारलं, "ओरडतायत का?"

"हो," ती म्हणाली. "खूप."

"आणि किटली?"

"ती पण. पहिली सुद्धा."

अस्पारूखला फोन केला. म्हटलं, सुई माझीच होती. तो म्हणाला, "लेका, डोळे जायला लागले तेव्हा मीही दिव्याचे बल्बच बदलत बसलो होतो." तो दुसरं काही बोलला नाही, हे बरं केलं.

स्तानाला फोन करायला हात धजत नाही. चूल मी विझवायला लावली होती. हे डॉक्टरीणबाईंना सांगितलं नाही, झ्द्राव्कालाही नाही. तिला माहीत आहे.

मग स्टुडिओत गेलो. सणामुळे कोणी नव्हतं. दारावर मावशीचा कागद. कोपऱ्यांतले चारही चिकट पुठ्ठे उचलले. धूळ होती, एका पुठ्ठ्यावर एक मेलेला पतंग. बाकी काही नाही.

रादोस्वेताने टेबलावर चिठ्ठी ठेवली आहे. अल्बम आठव्यावर संपवायचा, पण शेवटची बडबड कापली नाही, तुम्ही ऐकून ठरवा, असं. मी तो भाग कधी ऐकलाच नव्हता. त्या दिवशी नवव्याच्या घाईत होतो. हेडफोन लावले, आवाज पूर्ण वाढवला. आठवा संपतो. कोटाची सळसळ होते, निदान मला तसं वाटतं. मग मावशी बोलते, दात थंडीने वाजतायत, पण हसून बोलते.

"आता नीट ऐक हं, बाळा. हे मी परत म्हणणार नाही."

तिथे मुद्रण संपतं. मी हेडफोन काढले नाहीत. ती म्हणाली तसं ऐकत बसलो. रातकिडा चिरचिरत होता.